आना मारिया नावाच्या उल्लेखनीय स्त्रिया: सूची करताना ओळख कशी पटवावी

प्रश्न असा आहे: ‘आना मारिया’ हे जोडनाव असलेल्या उल्लेखनीय स्त्रियांची ज्ञानकोशासाठी सूची करायची आहे. त्यात कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे आणि एकीची माहिती दुसरीच्या नावावर चढू नये म्हणून काय करायचे?

सगळ्यांचे नाव एकच म्हटल्यावर ओळख पटवायला नावाचा काही उपयोग नाही, असे पहिल्यांदा वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ स्त्रियांचे माहेरचे आडनाव लग्नात जाई, सासरचे येई, दुसरे लग्न झाले तर तेही बदले, आणि पुस्तक लिहिले तर त्यावर नवऱ्याची आद्याक्षरे छापली जात. जन्मापासून अखेरपर्यंत तिच्याबरोबर राहिले ते हे जोडनावच. म्हणून ते पूर्ण लिहायचे, मूळ क्रमानेच लिहायचे आणि त्याची आद्याक्षरे करायची नाहीत. ‘ए. एम.’ असे संक्षेप केले की काय होते याचे उदाहरण म्हणजे १८०८ मध्ये वारलेली कादंबरीकार बेनेट. तिला काही ग्रंथसूच्या आना मारिया म्हणतात, काही ॲग्नेस मारिया. दोन्हींची आद्याक्षरे सारखीच. ज्या सूचीकाराने फक्त आद्याक्षरे उतरवून घेतली, त्याच्या हातात पुढे काहीच उरत नाही. तिला सूचीत घ्या, पण दुसरे रूप त्याच ओळीत द्या.

आता व्याप्ती. अट एकच ठेवा: जगाला ती ज्या नावाने माहीत आहे, त्या नावात ‘आना’ आणि ‘मारिया’ ही दोन्ही याच क्रमाने आली पाहिजेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ती आहेत एवढे पुरत नाही. कॅथलिक युरोपात मुलीला तीनचार नावे देणे ही सर्रास पद्धत होती आणि त्यांत आना किंवा मारिया नसणेच विरळा. नुसत्या बाप्तिस्म्यावर गेलात तर निम्मा युरोप सूचीत येईल. मेणाच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली मादाम तुसाद (१७६१–१८५०) हिचे पूर्ण नाव आना मारिया, माहेर ग्रोशोल्त्स. पण ओळख मारी तुसाद अशीच. ती मुख्य सूचीत नको, तळाशी ‘हेही पाहा’मध्ये हवी. चित्रकार आंगेलिका काउफमान (१७४१–१८०७) हिच्या नावाची सुरुवात मारिया आना अशी होते. नेपोलियनची बहीण एलिझा बोनापार्त (१७७७–१८२०) हीसुद्धा जन्मनावाने मारिया आनाच. या दोघींना तर ‘हेही पाहा’मध्येही जागा देऊ नये. शोधणारा त्यांना या नावाने शोधतच नाही.

लाडक्या नावावरून मूळ नाव ताडण्याचा मोह टाळा. मारियाने म्हणजे मारिया आना हे बहुतेक वेळा खरे असते, नेहमी नाही. व्हिएन्नाची संगीतकार मारियाने मार्तिनेस (१७४४–१८१२) हिचा बाप्तिस्मा आना कातारिना या नावाने झाला होता. मूळ नोंद न पाहता ‘मारियाने’ फोडून ‘मारिया आना’ केले असते तर कधीच नसलेले नाव तिला चिकटले असते.

तिसरे नाव असेल तर हरकत नाही, पहिली दोन जागेवर असली म्हणजे झाले. आना मारिया लुईझा दे मेदिची (१६६७–१७४३) या सूचीत ठळकपणे हवी. मेदिची घराण्याच्या मुख्य शाखेची ही शेवटची वारस. १७३७ च्या कौटुंबिक करारात तिने घराण्याचा सगळा कलासंग्रह तोस्कानाच्या राज्याला दिला आणि अट घातली की त्यातले काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रे आज जिथल्या तिथे आहेत त्यामागे या अटीचा मोठा हात आहे. तिचा नवरा जर्मनीतल्या पॅलेटिनेटचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, होता आणि १६९१ च्या लग्नानंतर ती ड्युसेलडॉर्फला राहत होती, त्यामुळे जर्मन कागदपत्रांत ती ‘इलेक्टरची राणी’ म्हणून येते आणि मेदिची हे आडनाव दिसतही नाही. १७१७ मध्ये ती फ्लॉरेन्सला परतली. म्हणजे जवळपास पाव शतकाची कागदपत्रे दुसऱ्याच नावाखाली शोधावी लागतात.

लिपीचा एक मुद्दा इथेच येतो. रोमन लिपीत इटालियन-जर्मन रूपात ‘न’ दोनदा येतो. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन रूपात एकदाच. देवनागरीत सगळ्यांचे ‘आना मारिया’च होते. त्या त्या भाषांच्या ज्ञानकोशांत या वेगवेगळ्या सूच्या असल्या तरी मराठीत त्या एकत्र ठेवाव्यात, कारण शोधणारा एकाच रूपाने शोधणार. स्पेनची आना मारिया मातूते (१९२५–२०१४, थेर्वांतेस पुरस्कार २०१०), ब्राझीलच्या आना मारिया माशादू (जन्म १९४१, बालसाहित्यासाठी हान्स क्रिस्तियन अँडरसन पुरस्कार २०००), रुमानियाची तलवारपटू आना मारिया पोपेस्कू या तिघी येतात त्या अशा. मातूतेच्या जन्माचे साल जुन्या संदर्भांत १९२६ दिसते, तेव्हा त्यावरून दोन वेगळ्या लेखिका समजू नका. फ्रेंच आन-मारी, जर्मन आनेमारी आणि इंग्रजी मेरी ॲन मात्र वेगळ्या नावांसारख्याच वागवा. मेरी ॲनचे दुखणे तर स्वतंत्र आहे. जॉर्ज एलियट (१८१९–१८८०) या टोपणनावाने लिहिणारी लेखिका आयुष्यात मेरी ॲनची दोन स्पेलिंगे आणि मेरियन अशी तीन रूपे वापरून गेली. तिच्यामुळे एक पूर्ण पान लागते. इथे त्यात शिरू नका.

जोडरेघेकडे लक्ष द्या. ती शोभेची नसते. जर्मनीत जोडरेघ असलेले ‘आना-मारिया’ हे कायद्याने एकच नाव धरतात, तर मोकळी जागा सोडून लिहिलेली ही दोन नावे असतात. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे सुटी नावे असणाऱ्यांना नावांचा क्रम निव्वळ घोषणापत्राने बदलता येतो. जोडरेघेचे नाव तसे फोडता येत नाही. म्हणून हयात जर्मन व्यक्तीच्या बाबतीत जुन्या कागदावरचा क्रम आजही तोच असेल असे धरून चालू नये. इटलीत २००० च्या नागरी नोंदणी नियमांनी तीनपेक्षा जास्त नावे देता येत नाहीत, आणि ‘आनामारिया’ सलग नोंदले असेल तर ते एक नाव. पोलंडमध्ये अनेकांना दुसरे नाव असते, पण ते फक्त सरकारी कागदावर राहते. उमेदवारांच्या यादीत किंवा कंपनीच्या नोंदणीत ‘आना मारिया अमुक’ दिसले म्हणून ती या सूचीची झाली असे नाही. गायिका आना मारिया योपेक (जन्म १९७०) अल्बमवर दोन्ही नावे लावतात, १९९७ च्या युरोव्हिजन स्पर्धेत पोलंडतर्फे गायल्या त्याही याच नावाने. म्हणून त्या येतात.

आता खरी कठीण जागा: उलट क्रम, एकच घर. संगीतकार वोल्फगांग मोत्सार्टचे घराणे घ्या. वोल्फगांगच्या वडिलांची, लेओपोल्डची, आई आना मारिया, माहेर सुल्त्सर. वोल्फगांगची आई आना मारिया वालबुर्गा, माहेर पेर्टल. जन्म २५ डिसेंबर १७२०, सांक्ट गिल्गेन. मृत्यू ३ जुलै १७७८, पॅरिस. बहीण मारिया आना वालबुर्गा इग्नात्सिया, घरातले नाव नानर्ल. जन्म ३० जुलै १७५१, मृत्यू २९ ऑक्टोबर १८२९. चुलत बहीण मारिया आना टेक्ला (१७५८–१८४१), जिला वोल्फगांगने ती थिल्लर, मोकळीढाकळी पत्रे लिहिली. आजी, आई, बहीण, चुलत बहीण. आडनाव सगळ्यांचे मोत्सार्ट. आई आणि बहिणीचे तर तिसरे नावही जुळते.

अशा वेळी गावावरून फरक करू, असे कोणीही म्हणेल. इथे तेही चालत नाही. नानर्लने १७८४ मध्ये बेर्खटोल्ड त्सू झोनेनबुर्ग या अधिकाऱ्याशी लग्न केले. तो सांक्ट गिल्गेनला त्याच पदावर होता ज्यावर पूर्वी तिच्या आईचे वडील होते, आणि नानर्ल राहायला गेली ती आईचा जन्म झालेल्या त्याच घरात. म्हणजे ‘मोत्सार्ट, वालबुर्गा, सांक्ट गिल्गेन’ हे तीन धागे हाती असूनही आई की मुलगी ते ठरत नाही. ठरते ते दोनच गोष्टींनी: नावांचा क्रम आणि तारीख. १७७८ नंतरची कोणतीही नोंद आईची असूच शकत नाही. १७८४ नंतरची नोंद बेर्खटोल्ड आडनावाखालीही शोधायची. आणि प्रवासाची नोंद असेल तर कोणता प्रवास ते पाहायचे: १७६० च्या दशकातल्या युरोपच्या मोठ्या दौऱ्यावर आई आणि मुलगी दोघी होत्या, १७७७–७८ च्या पॅरिसच्या प्रवासात वोल्फगांगबरोबर फक्त आई. आजी आणि आई या दोघींची गल्लत टाळायला माहेरचे आडनाव पुरते. सूचीत आई येईल. नानर्ल आणि टेक्ला ‘उलट क्रम’ अशा छोट्या तळटीपेत.

राजघराण्यांत याहून वेगळा सापळा असतो. सम्राट तिसऱ्या फर्डिनांडची राणी मारिया आना (१६०६–१६४६) ही ‘स्पेनची मारिया आना’, कारण जन्म स्पेनचा. संसार केला ऑस्ट्रियात. तिचीच मुलगी मारिया आना (१६३४–१६९६) ‘ऑस्ट्रियाची’, कारण जन्म ऑस्ट्रियाचा. राज्य केले स्पेनमध्ये. या मुलीने १६४९ मध्ये सख्ख्या मामाशी, स्पेनच्या चौथ्या फिलिपशी लग्न केले, नवऱ्यामागे १६६५ पासून मुलाच्या वतीने कारभार पाहिला, आणि पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांना नाव मिळाले ते तिचे. तिच्या मुलाने, दुसऱ्या कार्लोसने, दुसरी बायको केली ती नोयबुर्गची मारिया आना (१६६७–१७४०). सासू-सून दोघी स्पॅनिश कागदात ‘मारियाना’ आणि दोघी राण्या. नियम लक्षात ठेवायचा तो असा: राजस्त्रीच्या नावामागचा देश माहेरचा असतो, सासरचा नव्हे. मराठी लेखनात हा नियम सुटला की स्पेनची राणी व्हिएन्नात आणि व्हिएन्नाची माद्रिदमध्ये जाऊन बसते. या सगळ्या उलट क्रमाच्या असल्याने आपल्या सूचीच्या बाहेर आहेत, पण जुन्या मराठी-इंग्रजी संदर्भांत त्यांना सर्रास क्रम फिरवून छापले जाते, म्हणून संकलन करताना त्या हातात येणारच. बाजूला काढता यायला त्या माहीत हव्यात.

नवऱ्याच्या नावाआड गेलेल्या स्त्रिया या सूचीतले माझ्या मते सर्वांत मोलाचे काम. आना मारिया हॉल (१८००–१८८१), माहेर फील्डिंग, जन्म डब्लिनचा. आयर्लंडच्या ग्रामजीवनावरच्या कथांनी नाव मिळवले, पण शीर्षकपानावर ‘मिसेस एस. सी. हॉल’. एस. सी. म्हणजे नवरा, सॅम्युएल कार्टर. आना मारिया हसी (१८०५–१८५३), माहेर रीड. ब्रिटनमधल्या कवकांवरचा तिचा सचित्र ग्रंथ १८४७ ते १८५५ या काळात निघाला, त्यावर ‘मिसेस टी. जे. हसी’, टी. जे. म्हणजे थॉमस जॉन. जोडनाव टाकून ग्रंथालयाच्या तालिकेत शोधले तर या दोघी जुन्या नोंदींत सापडतच नाहीत. शोध असा घ्यायचा: आधी माहेरचे नाव, मग लग्नाची नोंद, तिथून नवऱ्याचे पूर्ण नाव, त्याची आद्याक्षरे, आणि मग ‘मिसेस’ लावून शीर्षकपान. हसीच्या बाबतीत आणखी एक खाच आहे: ग्रंथाचा शेवटचा भाग तिच्या मृत्यूनंतर आला. प्रकाशनवर्षावरून ती १८५५ मध्ये हयात होती असे लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. शेवटच्या पुस्तकाचे साल म्हणजे हयातीचा पुरावा नव्हे, हे सगळ्याच लेखकांना लागू आहे.

नाव मुळीच न छापणाऱ्याही होत्या. स्वीडिश कवयित्री आना मारिया लेनग्रेन (१७५४–१८१७) हिने लग्नाआधी माल्मस्टेट या माहेरच्या नावाने लिहिले. १७८० च्या लग्नानंतरचे लेखन बहुतांश निनावी, नवरा ज्याच्या संपादनात होता त्या ‘स्टॉकहोल्म्स पोस्टेन’ या पत्रात. कवितांचा संग्रह निघाला १८१९ मध्ये, तिच्यामागे. तिच्या नोंदीत माहेरचे आडनाव कंसात टाकायला विसरलात तर सुरुवातीच्या लेखनाची एक वेगळीच कवयित्री तयार होते. स्पर्धेच्या मैदानावरही हेच होते: पोपेस्कूने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एपे या तलवारीच्या प्रकारात वैयक्तिक रौप्य मिळवले ते ब्रंझा या आडनावाने, आणि २०१६ मध्ये रिओला सांघिक सुवर्ण व पुढे टोकियोत पुन्हा वैयक्तिक रौप्य मिळवले ते पोपेस्कू या नावाने. पदके एकीचीच आहेत.

आडनावच नसेल तर? व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयात वाढलेल्या मुलींना कुलनाव नसे. त्यांना नावापुढे वाद्य किंवा आवाजाची पट्टी लावून ओळखत. संगीतकार विवाल्डीने जिच्यासाठी कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, केल्या ती व्हायोलिनवादक (सुमारे १६९६–१७८२) संस्थेच्या कागदांत ‘आना मारिया दाल व्हियोलिन’, म्हणजे व्हायोलिनची आना मारिया. ती व्हायोलिनखेरीज इतर अनेक वाद्ये वाजवी, त्यामुळे केवळ वाद्य बदललेले दिसले म्हणून वेगळी स्त्री समजू नये. अशा नोंदीत संस्थेचे नाव आडनावाच्या जागी वापरायचे: ‘आना मारिया देल्ला पिएता’. आणि वर्णक्रमात ती ‘आ’खाली ठेवायची, ‘पि’खाली नव्हे, कारण पिएता हे कुलनाव नाही. राजस्त्रियांचेही तसेच. संत किंवा धन्य घोषित झालेल्यांचे मात्र आडनावावरून लावा: आना मारिया ताइजी (१७६९–१८३७), माहेर जान्नेत्ती, ‘ता’खाली. तिला १९२० मध्ये पोपने ‘धन्य’ घोषित केले, ‘संत’ नाही. मराठीत दोन्हींसाठी सरसकट ‘संत’ लिहिले जाते, ते चूक आहे.

तारखांच्या बाबतीत दोन कारणांनी एकीच्या दोघी होतात. पहिले कारण कॅलेंडर. डच विदुषी आना मारिया फान स्खूरमन हिच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी ४ मे १६७८ तर काही ठिकाणी १४ मे १६७८ दिसते. ती फ्रीसलंडमधल्या वीवर्डला वारली, आणि फ्रीसलंडने जुने जुलियन सोडून नवे ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारले ते १७०१ च्या सुरुवातीला. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. फरक नेमका दहा दिवसांचा असला तर आधी कॅलेंडर तपासा, मग वाद घाला. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी नोंद एक वर्ष मागची दिसते. दुसरे कारण असे की जन्मतारीख म्हणून छापलेली तारीख पुष्कळदा बाप्तिस्म्याची असते, किंवा चरित्रकाराने वयावरून मागे मोजलेली. कादंबरीकार आना मारिया पोर्टर (मृत्यू १८३२) हिचे जन्मसाल जुन्या संदर्भांत १७८० आणि नव्यांत १७७८ आढळते. रेशमी कापडावरच्या नक्षींची रचनाकार आना मारिया गार्थवेट (मृत्यू १७६३) हिचे १६८८ आणि १६९०. अशा ठिकाणी बाप्तिस्म्याचा आधार असलेले साल घ्या, आणि तो आधार बाप्तिस्म्याचा आहे हे ‘बाप्तिस्मा’ असा शब्द घालून सांगा.

एक बारीक गोष्ट, जी लॅटिन शीर्षकपानांवर फसवते. स्खूरमनच्या १६४८ च्या संकलित लेखनावर नाव षष्ठीत छापले आहे: ‘आने मारिये आ स्खूरमन’, म्हणजे आना मारियाचे. पोलिशमध्येही नाव विभक्तीत बदलते, ‘आनी मारी योपेक’ असे होते. यंत्राने उतरवलेल्या याद्यांत हीच रूपे स्वतंत्र नावे म्हणून शिरतात. शेवटी ‘ए’ किंवा ‘ई’ दिसली की प्रथमेत आणून पाहा.

प्रत्यक्ष काम करताना प्रत्येकीची एक ओळ तक्त्यात करा. रकाने हे: नाव छापले आहे तसे, माहेर, सासर (एकाहून अधिक असतील तर सालासह), नवऱ्याची आद्याक्षरे, जन्म आणि मृत्यू, गावासह, क्षेत्र, एखादे काम सालासह, ओळख क्रमांक. दोन ओळी एकत्र करायच्या असतील तर तारीख, नाते आणि काम या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी स्वतंत्र संदर्भांत जुळल्या पाहिजेत. ‘स्वतंत्र’ यावर जोर आहे: दहा संकेतस्थळांनी एकाच जुन्या कोशातून उतरवले असेल तर तो एकच संदर्भ. जुळत नसेल तर ओळी वेगळ्या ठेवा. चुकून वेगळ्या राहिलेल्या दोन ओळी पुढे जोडणे सोपे असते. चुकून जोडलेल्या सोडवायच्या तर त्यांतले प्रत्येक वाक्य कोणाचे ते पुन्हा तपासावे लागते.

ओळख क्रमांक उपयोगी आहेत, पण डोळे मिटून घेऊ नका. व्हीआयएएफ ही ग्रंथालयांच्या नावनोंदी एकत्र आणणारी सेवा वेगवेगळ्या देशांच्या नोंदी यंत्राने जुळवते, आणि जोडनावे तिच्यात हमखास अडखळतात. क्रमांक घेण्यापूर्वी त्याखालची पुस्तके उघडून बघा. अठराव्या शतकातल्या गायिकेच्या क्रमांकाखाली विसाव्या शतकातले पाठ्यपुस्तक दिसले तर तो गठ्ठा मिसळलेला आहे. आयएसएनआय हा नावांसाठीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक सोळा स्थानांचा असतो आणि शेवटचे स्थान पडताळणीचे. तिथे कधी कधी ‘एक्स’ येतो, तो चुकीचा समजून गाळू नका.

आता ओळखवाक्य. सूचीत नावापुढे जे चारसहा शब्द येतात, त्यांतच सूचीचे सगळे बळ असते. कसोटी अशी: ते वाक्य सूचीतल्या दुसऱ्या कोणालाही लागू पडता कामा नये. ‘अठराव्या शतकातली स्वीडिश लेखिका’ हे लेनग्रेनला लागू आहे तसेच आना मारिया रुकरश्योल्ड (१७२५–१८०५) हिलाही. पहिलीला ‘कवयित्री, स्टॉकहोल्म्स पोस्टेन’ आणि दुसरीला ‘गृहव्यवस्था व पाककलेवरच्या पुस्तकांची लेखिका’ म्हटले की प्रश्न मिटतो. देश आणि व्यवसाय एवढ्यावर थांबू नका. तिने केलेली एक गोष्ट सांगा. चार नोंदी नमुन्यादाखल:

स्खूरमन, आना मारिया फान (१६०७ कोलोन – १६७८ वीवर्ड): बहुभाषाविद व खोदचित्रकार, १६३६ पासून उट्रेख्त विद्यापीठात पडद्याआड बसून व्याख्याने ऐकणारी तिथली पहिली विद्यार्थिनी.

गार्थवेट, आना मारिया (१६८८–१७६३): लंडनच्या स्पिटलफील्ड्समधली रेशमी कापडाची नक्षीकार, जलरंगातले तिचे शेकडो आराखडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मोत्सोनी, आना मारिया (१८३७–१९२०): इटलीतल्या स्त्री-हक्क चळवळीची आद्य कार्यकर्ती, स्त्रियांच्या पराधीनतेवरच्या जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथाचे १८७० मध्ये इटालियन भाषांतर केले.

ओर्तेझे, आना मारिया (१९१४ रोम – १९९८ रापाल्लो): कथा-कादंबरीकार, १९५३ चा नेपल्सवरचा कथासंग्रह, १९६७ चा स्त्रेगा पुरस्कार.

याच धर्तीवर आना मारिया डेंगल (१८९२–१९८०) हिच्यापुढे फक्त ‘जोगीण’ किंवा फक्त ‘डॉक्टर’ लिहू नका. ती दोन्ही होती, आणि म्हणूनच महत्त्वाची: रावळपिंडीतल्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केल्यावर तिने १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा वैद्यकीय सेवा करणाऱ्या जोगिणींचा संघ उभारला. आना मारिया अल्बेर्गेत्ती (जन्म १९३६) इटलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत गाजलेल्या. ‘इटालियन गायिका’ हे अपुरे, ‘१९६२ चा टोनी पुरस्कार’ हे नेमके.

वर्णक्रम आडनावाने, पण उपसर्ग कुठे धरायचा ते भाषेवर ठरते. डच ‘फान’ मागे टाकतात, म्हणून स्खूरमन ‘स्ख’खाली. मेदिचीतला ‘दे’ तसाच मागे. स्पॅनिशमध्ये दोन आडनावांपैकी पहिले धरायचे, पोर्तुगीजमध्ये शेवटचे. ज्या देशाची लेखिका त्या देशाची रीत, हा साधा नियम. सगळ्यांना इंग्रजीची रीत लावू नका.

शेवटी देवनागरीचे टंकन, कारण सगळे बिनचूक करूनही इथे सूची हरवते. शीर्षकात एकच रूप ठेवा, ‘आना मारिया’. इंग्रज स्त्रियांच्या पानांसाठी ‘ॲना मरिया’ आणि ‘ॲना मराया’ अशी पुनर्निर्देशने, म्हणजे शोधणाऱ्याला मूळ पानावर नेणारी पाने, करा. त्या काळच्या इंग्लंडात ‘मराया’ हाच उच्चार रूढ होता, आणि काही मराठी लेखांत तसेच लिहिलेले सापडेल. ‘ॲ’ हे अक्षर तीन प्रकारे टंकले जाते: युनिकोड ०९७२ चे स्वतंत्र अक्षर, ‘अ’ला चंद्र जोडून, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन संकेत, आणि हिंदी कळफलकांवरून येणारे ‘ऍ’. पहिली दोन डोळ्यांना अगदी सारखी दिसतात, पण यंत्राला वेगळी असतात. ०९७२ हे युनिकोडात २००८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीचा मजकूर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पद्धतीनेच टंकलेला आहे. तिन्ही रूपांची पुनर्निर्देशने करून ठेवा, आणि सूची प्रकाशित करण्याआधी प्रत्येक रूप शोधपेटीत टाकून ते एकाच पानावर येते की नाही ते पाहा. ‘आना-मारिया’ आणि ‘आनामारिया’ यांचेही तसेच करा.